जबलपूरहून आलेलं इंजिन

पार्सलचं खोकं बायकोने उघडलं. ब्लेड माझ्या हातात द्यायचं तिने वर्षभरापूर्वीच बंद केलं होतं. आत जुन्या मऊ टॉवेलात गुंडाळलेलं एक काळं वाफेचं इंजिन होतं, वीतभर लांब, मागच्या कोळशाच्या डब्यासकट. जबलपूरच्या एका गृहस्थांनी ते पाठवलं होतं. सोबतच्या चिठ्ठीत दोनच वाक्यं होती. इंजिन मुलाचं आहे. चालत नाही, बघाल का?

त्यांचा मुलगा तीन वर्षांपूर्वी गेला हे मला माहीत होतं. चाळिशीतला होता, साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवड्यात सगळं संपलं. हे त्यांनीच मला फोनवर सांगितलं होतं. आमची ओळख फोनवरचीच. या छोट्या गाड्यांचा शौक असणारे लोक आपल्याकडे थोडे, त्यामुळे एकमेकांना न भेटताही ओळखतात.

मी इथे ग्वाल्हेरला पॉलिटेक्निकमध्ये वर्कशॉप शिकवायचो. निवृत्त होण्याच्या थोडं आधी मुलीकडे परदेशी गेलो होतो, तेव्हा असं एक इंजिन घेऊन आलो. खेळणंच ते, पण खऱ्या इंजिनाची हुबेहूब नक्कल, प्रत्येक दांडा आणि पायरी मोजून लहान केलेली. घरी आणल्यावर दोन महिन्यांत ते लंगडायला लागलं. प्रत्येक फेऱ्याला टक्, टक्. कंपनीला लिहिलं. फार सभ्य उत्तर आलं, की इंजिन आमच्याकडे पाठवून द्या. मग मीच ते उघडलं. आसावर घट्ट बसवलेलं प्लास्टिकचं गिअर आकसून तडकलं होतं. चीर केसाएवढी, पण तेवढ्याने दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि तिथे आलं की गाडी अडखळते. पुढे कळलं की त्या मालाचा तो जन्मापासूनचाच दोष आहे, तसली शेकडो इंजिनं तशीच तडकली असतील. मी नायलॉनच्या कांडीतून एक गिअर कातून बसवलं आणि इंजिन चालू होऊन गेलं.

ही गोष्ट चार लोकांना कळली आणि माझ्याकडे इंजिनं येऊ लागली. कुणाचं ग्रीस सुकून मेणासारखं झालेलं, कुणाची चाकं कारखान्यातच तिरपी बसवलेली, कुणाच्या मोटारीचे ब्रश झिजलेले. आमच्याकडे मे महिन्यात तापलेल्या वाऱ्याची लू चालते तेव्हा खिडक्या बंद असल्या तरी रुळांवर पिवळसर धुळीचा थर बसतो आणि चाकांना वीज मिळेनाशी होते. ते तर माझं रोजचंच काम होतं. दाल बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर आहे. वरच्या खोलीत एक जुनं दार आडवं टाकून त्यावर मी रूळ मांडले होते. खालून हातगाड्यांचे आणि हमालांचे आवाज यायचे, वर मी आणि माझं भिंग.

मग एक दिवस चिमट्यातून एक स्प्रिंग उडाली. त्यात काही नवं नव्हतं, स्प्रिंगा उडतातच. पण ती परत उचलताना मला दिसलं की चिमट्याची दोन टोकं एकमेकांवर थरथरतायत. डॉक्टरांनी कंपवात सांगितला. औषध सुरू झालं. सकाळची गोळी घेतल्यावर दीड तास हात बराच शांत असतो, नंतर हळूहळू परत सुरू होतं. त्या दीड तासात मी आधी सगळी कामं बसवायचा प्रयत्न केला. काही महिन्यांनी त्या दीड तासातही स्क्रूची खाच सापडेना.

बायको पंचवीस वर्षं एका दंतवैद्याच्या लॅबमध्ये कवळ्या बनवत होती. मेण, प्लास्टर, बारीक कानस, हे सगळं तिच्या बोटांत मुरलेलं आहे. एक दिवस मी एका डिझेल इंजिनाची तार जोडायला बसलो होतो. तिसऱ्यांदा सोल्डरचा टाका चुकला तेव्हा ती शेजारी येऊन बसली आणि म्हणाली, "सरका जरा. तुम्ही सांगा, मी करते."

तेव्हापासून असंच चाललं. मी सांगायचो, ती करायची. ऐकायला हे सोपं वाटतं. मी म्हणायचो, जरासं सैल कर. ती विचारायची, जरासं म्हणजे किती? मला सांगता यायचं नाही. आयुष्यभर माझ्या हाताला ते ठाऊक होतं, मला शब्दांत कधी मांडावं लागलं नव्हतं. मी चिडायचो, तीही परेशान व्हायची, मग आम्ही चहा प्यायचो. पण वर्षभरात तिने सात-आठ इंजिनं चालू केली. लोकांना मी हे सांगितलं नव्हतं. फोनवर मी "मी बघतो" असंच म्हणायचो.

जबलपूरचं इंजिन दिवाळी होऊन गेल्यावर आलं. तिने खालचे चार स्क्रू काढले आणि वरचं काळं कवच उचलायला गेली, तर ते निघेना. आतून काहीतरी त्याला दाबून धरत होतं. हळूहळू हलवून तिने ते सोडवलं आणि दिव्याखाली धरलं. इंजिनाचा खालचा सांगाडा, ज्याला आम्ही चासी म्हणतो आणि ज्यावर मोटार, आस, चाकं सगळं बसतं, तो फुगला होता. राखाडी धातूवर तळ्याच्या सुकलेल्या चिखलासारख्या चिरा पडल्या होत्या. एका कोपऱ्याचा तुकडा टेबलावर पडला आणि त्याची पूड झाली.

मला बघताक्षणी कळलं. हा जस्ताचा मिश्रधातू असतो. ओतताना त्यात जरासं शिसं मिसळलं गेलं की तीस-पस्तीस वर्षांनी तो आतल्या आत कुजतो. फुगतो, वाकतो, तडकतो आणि शेवटी चुरा होतो. ज्या दिवशी कारखान्यात ते ओतलं गेलं त्या दिवशीच त्याचं हे ठरलेलं असतं. यावर इलाज नाही. ती कंपनीही कधीच बंद पडली आहे, दुसरी चासी मिळायची नाही.

मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "मग आजच फोन करून टाका."

मी केला नाही. दर रविवारी सकाळी त्यांचाच फोन यायचा. जबलपूरला थंडी किती, ग्वाल्हेरला किती, गुडघे कसे आहेत, आमची मुलगी कधी येणार आहे. पंधरा-वीस मिनिटं बोलायचे. इंजिनाबद्दल एक शब्दही विचारायचे नाहीत. पहिल्या रविवारी मला वाटलं, पोचलं का तरी विचारतील. मीच सांगितलं की पोचलं. ते म्हणाले, बरं झालं, आणि थंडीवर गेले. दुसऱ्या रविवारी मी मनात वाक्य तयार करून बसलो होतो. ते शेजारच्या घराच्या बांधकामाबद्दल सांगू लागले आणि माझं वाक्य राहून गेलं. फोन ठेवला की बायको माझ्याकडे बघायची आणि खाली जायची.

तिसऱ्या आठवड्यात तीच म्हणाली, "सांगणार नसाल तर निदान काहीतरी करू या. याचं माप घेते मी."

दातांचं माप ज्या मऊ रबरात घेतात त्यात तिने चासीचा ठसा घ्यायचं ठरवलं. ठशातून मेणाची प्रत, आणि मेणावरून पितळेची नवी चासी. पितळ ओतायला सराफ्यात एक कारीगर होता, जो नथी आणि मूर्ती ओतायचा आणि तिच्या लॅबमधलं काम पूर्वी करायचा. अडचण एकच होती. फुगलेल्या चासीचा ठसाही फुगलेलाच येणार. लॅबमध्ये माप बिघडलं तर पेशंटला परत बोलवायचे, ती म्हणाली. इथे परत बोलवायला कुणी नव्हतं.

मग मला दांड्यांची आठवण झाली. वाफेच्या इंजिनाची चाकं बाहेरून पोलादी दांड्यांनी एकमेकांना जोडलेली असतात. पोलाद काही फुगलेलं नव्हतं. दांड्यांच्या भोकांमधलं अंतर मोजलं की चाकांची मूळ अंतरं मिळतात. एकूण लांबी वरच्या कवचावरून मिळत होती. हे सुचलं त्या सकाळी मला फार दिवसांनी बरं वाटलं. मी आकडे सांगत होतो, ती मेणाची प्रत कापून, थोडी काढून परत जोडत होती. तिच्या चेहऱ्यावर जुन्या कामाची ती शांतता आली होती. तेव्हा खरंच वाटलं की हे होईल.

राहिली एकच गोष्ट. मोटार ज्या खाचेत बसते तिची उंची. मोटारीच्या टोकाला एक आटे असलेली कांडी असते, ती खालच्या गिअरमध्ये बसते. फार खोल बसली तर अडकते, वर राहिली तर घसरते. कागदाच्या जाडीचा प्रश्न. हे माप ना दांड्यांवरून मिळत होतं ना कवचावरून, आणि रबराच्या ठशात ती खाच नीट उतरली नव्हती. पण खाचेच्या आजूबाजूचा भाग त्यातल्या त्यात साबूत दिसत होता. तिथली चीर कमी होती, म्हणजे फुगणंही कमी असणार. ते बारकाईने मोजून, चिरांची रुंदी वजा करून आम्ही मूळ उंची काढणार होतो.

मोजायचं दुसऱ्या दिवशी ठरलं होतं. ती सकाळी खाली पोळ्या करत होती. मी गोळी घेऊन वर बसलो होतो आणि हात शांत होता. मला वाटलं, नुसतं भिंगाखाली बघून घेऊ. पलीकडून उजेड हवा होता म्हणून मी चासी कापसावरून उचलली आणि खिडकीकडे धरली. मी ती दाबली नाही. एवढं मी आजही सांगू शकतो की दाबली नाही. अंगठा आणि बोट यांच्यामध्ये ती नुसती होती आणि अंगठ्याला एक झटका आला. आवाजसुद्धा झाला नाही. मधला भाग, मोटारीची ती खाच, खडीसाखरेसारखी सुटून माझ्या मांडीवर पडली. उरलेले दोन तुकडे हातात राहिले.

मी तिला हाक मारली नाही. ती वर आली तेव्हाही मी तसाच बसलो होतो, कारण उठलो असतो तर मांडीवरचं सगळं जमिनीवर सांडलं असतं. तिने आधी माझा चेहरा बघितला, मग मांडी. रंगाचा मऊ ब्रश आणि कवळी ठेवायची एक प्लास्टिकची डबी घेऊन ती माझ्यासमोर जमिनीवर बसली आणि पायजम्यावरचे दाणे एकेक करून डबीत घेऊ लागली.

"बोल न काहीतरी," मी म्हणालो.

"काय बोलू? माझ्या हातूनही झालं असतं."

झालं नसतं. आम्हा दोघांनाही ते माहीत होतं.

त्यानंतर जे केलं ते अंदाजाने केलं. तिने मेणात खाच कोरली. सराफ्यातला कारीगर दुकानाच्या मागे छोट्याशा भट्टीपाशी बसतो. त्याला आम्ही मेणाची प्रत दिली, आणि कशाची प्रत आहे हे दाखवायला डबीही दाखवली. त्याने एक दाणा चिमटीत घेऊन चुरडला आणि बोटांकडे बघत म्हणाला, "माताजी, इसमें तो जान ही नहीं बची." पण पितळेची चासी त्याने मन लावून ओतली. ती घरी आली तेव्हा सोन्यासारखी झळकत होती. बायकोने चाकं बसवली, दांडे बसवले, सगळं नीट फिरलं. मोटार बसवून वीज दिली आणि इंजिन जागच्या जागी गुरगुरलं. खाच खोल झाली होती.

दुसऱ्या चासीत खाच वर राहिली. मोटार फिरायची, चाकं तशीच उभी. तिने खाच घासून खोल केली, ती जास्तच खोल झाली म्हणून मोटारीखाली पातळ पत्रे घालून बघितले, एक, दोन, मग अर्धा. मी शेजारी बसून सांगत होतो, जरा खाली, नाही, थोडं वर. एकदा तर मी चिडून तिच्या हातातून चिमटा घ्यायला गेलो. तिने तो सोडला नाही. मग मी हात मागे घेऊन मांडीखाली धरून बसलो.

तिसरी चासी संक्रांतीच्या सुमाराला आली. त्या दिवशी इंजिन हललं. आडव्या दारावरच्या रुळांवर ते हातभर अंतर गेलं, दांडे वर-खाली झाले, अगदी खऱ्यासारखे. तिने माझा दंड पकडला. आणि आतून कट् असा आवाज आला. जुनं गिअर, पस्तीस वर्षांचं, मधून दुभंगलं होतं. नायलॉनचं नवं गिअर कातायचं तर ते लेथवर माझ्या हातांनीच व्हायचं काम होतं, ते तिला येत नव्हतं आणि मला शिकवता आलं नाही. दोन कांड्या तिने माझ्या सांगण्यावरून कातून बघितल्या. दात एकसारखे येईनात. बाहेरून करवून आणलेलं गिअरही बसेना, कारण आमची उंचीच मुळात अंदाजाची. चुकीच्या मापाला बरोबर गिअर कुठून बसणार?

एके संध्याकाळी तिने सगळी हत्यारं पुसून डब्यात ठेवली आणि म्हणाली, "आता रविवारी तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगते."

रविवारी मी सांगितलं. चासी कुजलेली होती, यावर इलाज नव्हता, तरी आम्ही करून बघितलं, जमलं नाही. मग थांबलो आणि तेही सांगितलं की तिचा मधला भाग माझ्याच हातून मोडला. माझे हात कापतात. वर्ष होऊन गेलं, सगळी कामं माझी बायको करते, मी कुणाला बोललो नाही.

मग ते म्हणाले, "चासीचं मला माहीत होतं. तुमच्या आधी दोघांनी बघून सांगितलं होतं."

मी विचारलं, मग माझ्याकडे का पाठवलंत?

"घरात कपाटात होतं. दर वेळी उघडलं की खाली थोडी पूड पडलेली असायची. मला ते बघवेना. तुमच्याकडे पाठवलं तर निदान दुरुस्तीला गेलंय असं म्हणता येत होतं. म्हणून मी विचारत नव्हतो. विचारलं असतं तर तुम्ही सांगितलं असतं."

मग त्यांनी माझ्या हातांचं विचारलं, औषध कोणतं, झोप लागते का. फोन बायकोला द्यायला सांगितलं आणि तिच्याशी थोडं बोलले. ती फक्त "हो" आणि "नाही, नाही, तसं काही नाही" एवढंच म्हणत होती.

फेब्रुवारीत ते स्वतः आले. कुणाच्या लग्नासाठी झाशीला आले होते, तिथून एका दिवसासाठी आमच्याकडे. उंच, जरा वाकलेले, हातात कापडी पिशवी. इतकी वर्षं फक्त आवाज ऐकलेला माणूस दारात उभा राहिला की क्षणभर ओळखच पटत नाही. वरच्या खोलीत नेऊन आम्ही त्यांना बाकीची इंजिनं चालवून दाखवली. ती बघत ते बराच वेळ बसले. त्यांचं इंजिन बायकोने पितळेच्या चासीवर सगळं बसवून उभं केलं होतं. बाहेरून काहीच कळत नव्हतं. त्यांनी ते उचललं, कवचाच्या एका बाजूला रंग उडालेली एक जागा होती तिच्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, इथे त्याने दात लावला होता, सात वर्षांचा असताना.

मग त्यांनी जुनी चासी बघायला मागितली. बायको माझ्याकडे बघू लागली. मी होकाराची मान हलवली. तिने डबी आणून दिली. त्यांनी ती सावकाश उघडली आणि उजव्या तळहातावर ओतली. पुन्हा डबीत भरताना बारीक पूड तळहाताच्या रेषांत राहिली, ती निघेना. बायकोने बेसिन दाखवलं. ते तिथे जाऊन उभे राहिले. नळ सुरू झाल्याचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने परत आले आणि जेवायला बसताना त्यांनी चमचा मागितला. डाव्या हाताने जेवले. मीही चमच्यानेच जेवतो. बायकोने दोघांच्या ताटात न विचारता भाताचे लहान लहान ढीग करून वाढले.

निघताना मी इंजिन टॉवेलात गुंडाळून त्यांच्या पिशवीत ठेवू लागलो. गुंडाळणं मला नीट जमत नव्हतं आणि ते माझ्याकडे बघत होते. त्यांनी माझ्या हातातून गाठोडं घेतलं आणि टेबलावर ठेवलं.

"राहू दे तुमच्याकडे," ते म्हणाले. "दुरुस्तीला."

मी त्यांना समजावून सांगायला हवं होतं, की आता यात करण्यासारखं काही उरलेलं नाही. सगळं बोलून झालंच होतं आमचं. पण रिक्षा खाली येऊन थांबली होती आणि ते जिन्याचा कठडा धरून एकेक पायरी उतरायला लागले होते. मी वरच उभा राहिलो. बायको त्यांच्याबरोबर खाली गेली.

नवी कामं आता आम्ही घेत नाही. कुणाचा फोन आला तर मी खरं कारण सांगतो. वरच्या कपाटात दुरुस्तीला आलेल्या इंजिनांचा एक खण होता, त्यात आता हे एकच आहे. बायको महिन्यातून एकदा त्याची धूळ झटकते. रविवारी जबलपूरहून फोन येतो. आम्ही हवेबद्दल बोलतो.